पेशींमधला अबोला

डिसेंबर १९६६ मध्ये स्टॉकहोमला पेटन राउस यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. ज्या कामासाठी ते मिळाले ते १९११ मध्येच छापून आले होते. कोंबडीच्या गाठीत कर्करोग घडवणारा विषाणू असतो, एवढी गोष्ट मान्य व्हायला मधे दोन महायुद्धे जावी लागली. त्याच वर्षी, राउस यांच्याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात वर्नर लोवेनस्टाइन आणि योशिनोबू कानो हे दोघे उंदरांच्या यकृतात केसाहून बारीक काचेच्या नळ्या खुपसून वीज मोजत होते. निरोगी यकृतात एका पेशीत सोडलेली वीज शेजारच्या पेशीत पोहोचते, गाठीच्या पेशींत पोहोचत नाही, हा त्यांचा निष्कर्ष १९६६ च्या ‘नेचर’मध्ये आला. आणि तिकडे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या विषाणुशास्त्र संस्थेत, विषाणूने बिघडवलेल्या पेशी चांगल्या पेशींच्या अंगाला लावून ठेवल्या तर त्या सुधारतात का, याची तपासणी चालली होती.

या तिन्ही कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्या वर्षी फारसे कोणाला जाणवले नसावे. कर्करोगाचा विषाणू पेशीच्या आत शिरून काय करतो याचा इतिहास बऱ्याचदा सांगितला जातो, आणि त्या इतिहासाला नोबेलेही भरपूर मिळाली. तोच विषाणू पेशीच्या शेजाराचे काय करतो, हा इतिहास मागे पडला. वास्तविक वळणे त्यातच जास्त आहेत.

सुरुवात १९०९ च्या कोंबडीपासूनच करावी लागते. प्लिमथ रॉक जातीची, छातीवर भलीमोठी गाठ आलेली ही कोंबडी रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये राउस यांच्याकडे आली. गाठीचा तुकडा त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबडीत बसवला तर तिथे गाठ वाढते, हे त्यांनी आधी दाखवले. त्यात कोणाला आश्चर्य वाटण्यासारखे नव्हते. उंदरांत असे प्रयोग झालेले होते. मग त्यांनी गाठ वाटून पाण्यात कालवली आणि पेशीच काय, जिवाणूही पार होणार नाहीत अशा बर्केफेल्ड गाळणीतून गाळली. त्या निवळ पाण्याच्या सुईनेही कोंबड्यांना गाठी आल्या. कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी १९०८ मध्ये कोंबड्यांच्या रक्ताच्या कर्करोगाबाबत असेच दाखवले होते, पण तो आजार त्या काळी कर्करोगात मोजलाच जात नसे. राउस यांची गाठ मात्र मांसल, डोळ्यांना दिसणारी होती. तरीही विद्वानांनी मान हलवली. कोणी म्हणाले गाळणीतून पेशी निसटल्या असतील, कोणी म्हणाले कोंबडीचा कर्करोग हा कर्करोगच नव्हे. उंदरांत तसा विषाणू सापडेना, तेव्हा राउस यांनी तो विषयच सोडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते रक्त टिकवण्याच्या कामाला लागले, आणि त्यांच्या द्रावणाच्या आधारे १९१७ मध्ये फ्रान्समधल्या आघाडीवर साठवलेले रक्त जखमींना देता आले. गाठींकडे ते परतले १९३० च्या दशकात, रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या चामखिळींतला विषाणू शोधून त्यांच्या हाती दिल्यावर.

तोवर शेजाराचा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. विचारण्याची सोयही नव्हती. जिवंत कोंबडीच्या छातीत कोणती पेशी कोणाला धक्का देते आहे हे दिसणार कसे? त्यासाठी पेशी काचेच्या बशीत वाढवण्याचे तंत्र अंगवळणी पडावे लागले.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मायकेल अॅबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचे दोन बारीक तुकडे काचेवर थोड्या अंतराने ठेवले. दोन्ही तुकड्यांतून पेशी बाहेर सरपटू लागल्या. समोरासमोर आलेल्या पेशींचे काय होते, एवढेच त्यांना पाहायचे होते. पेशीची पुढची कड दुसरीला टेकली की ती थबके, आक्रसे आणि पेशी दुसरी वाट धरी. एकमेकींच्या अंगावर त्या चढत नसत. १९५४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मग त्यांनी एका बाजूला निरोगी आणि दुसऱ्या बाजूला उंदराच्या कर्करोगाच्या पेशी ठेवून पाहिले. कर्करोगाच्या पेशींना टेकण्याबिकण्याचे काही नव्हते. त्या सरळ पुढे घुसल्या.

राउस यांचा विषाणू या गोष्टीत १९५८ मध्ये शिरला. कॅलिफोर्नियात हॉवर्ड टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींचा सपाट थर बशीत वाढवला आणि त्यावर विषाणू सोडला. काही दिवसांत थरावर गोल, चकचकीत पेशींचे ढीग उगवले. एक विषाणू, एक ढीग. ढीग मोजले की विषाणू मोजून झाले. या पद्धतीने कर्करोगाच्या विषाणूंचे संशोधन मोजमापाच्या शिस्तीत आले आणि टेमिन पुढे नोबेलपर्यंत पोहोचले. पण ढीग होतो म्हणजे काय होते? पेशी शेजारणीला टेकूनही थांबत नाही, तिच्या डोक्यावर चढते. म्हणजे विषाणू मोजण्याचे मापच शेजारधर्म मोडण्यावर उभे होते, आणि पुढची कित्येक वर्षे प्रयोगशाळा ते माप वापरत राहिल्या तरी त्या मोडण्यामागची यंत्रणा कोणती हे विचारणारे थोडे होते.

त्या थोड्यांत मायकेल स्टोकर होते. ग्लासगोत त्यांनी आणि इयान मॅकफर्सन यांनी नुकत्याच जन्मलेल्या हॅमस्टरच्या मूत्रपिंडातून बीएचके-२१ नावाचा पेशीवाण तयार केला. (हा वाण नंतर जगभर पसरला, जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लस कारखान्यांत वाढवली जाते ती याच पेशींवर. गोठ्यात सुई टोचून घेणाऱ्या गाईचे ग्लासगोशी असे नाते आहे.) या पेशींत उंदरांचा पॉलिओमा विषाणू घातला की काही पेशी कायमच्या पालटत: शिस्त सोडत, वेड्यावाकड्या वाढत. स्टोकर यांनी वाढ थांबलेल्या, शांत बसलेल्या निरोगी पेशींच्या थरावर या पालटलेल्या पेशी पेरल्या. निष्कर्ष अनपेक्षित होता. निरोगी पेशींना चिकटून बसलेल्या बिघडलेल्या पेशींची वाढ मंदावली. थरातून निघून द्रवात मिसळलेल्या एखाद्या पदार्थाचा हा प्रभाव नव्हता; त्यासाठी स्पर्श लागत होता. १९६६ आणि १९६७ मध्ये हे निबंध आले. विषाणू आत बसलेला, त्याची जनुके चालू, आणि तरीही पेशी शेजाऱ्याचे ऐकते. कर्करोग म्हणजे एका पेशीचे बिनसणे, या समजुतीला याहून सरळ धक्का त्या काळात दुसरा कोणी दिला नाही.

त्याच संस्थेत जॉन सुबाक-शार्प आणि त्यांचे सहकारी बर्क व पिट्स एका वेगळ्याच घोटाळ्याचा उलगडा करत होते. त्यांच्याकडे अशा पेशी होत्या ज्यांत एक विकर नव्हते, त्यामुळे त्यांना हायपोझँथिन हा पदार्थ वापरता येत नसे. हायपोझँथिनला किरणोत्सारी खूण करून या पेशींना दिले तर त्यांच्यावर खुणेचे काळे ठिपके उमटत नसत. पण धडधाकट पेशींच्या शेजारी वाढवल्या की त्यांच्यावरही ठिपके उमटू लागले. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावे तसा तयार माल भिंतीपलीकडून येत होता. जिथे दोन पेशी एकमेकींना टेकल्या तिथेच हे घडे. सुबाक-शार्प हे व्हिएन्नात जन्मलेले, नाझींच्या तावडीतून मुलांना सोडवणाऱ्या गाड्यांतून ब्रिटनला आलेले. त्यांच्या या कामामुळे पेशी एकमेकींना जीवद्रव्ये देतात हे प्रथमच निर्विवाद दिसले.

यात एक खोच होती, ती लक्षात ठेवायला हवी. या प्रयोगातल्या पेशी पॉलिओमाने पालटलेल्याच होत्या. विषाणू असूनही त्यांची देवघेव छान चालू होती.

कोलंबियातल्या लोवेनस्टाइन यांची वाट विजेची. जर्मनीत जन्मलेले आणि चिलीत शिकलेले हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मुळात मज्जासंस्थेवर काम करणारे. दोन चेतापेशींमधून वीज सरळ वाहू शकते, हे एडविन फर्शपान आणि डेव्हिड पॉटर यांनी लंडनमध्ये क्रेफिश या कोळंबीच्या भाऊबंदावर दाखवून दिले होते. तेही त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात, जिथे अॅबरक्रॉम्बींच्या पेशी थबकत होत्या. लोवेनस्टाइन यांनी सुया फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत खुपसल्या आणि पाहिले की चेतापेशींशी काडीचा संबंध नसलेल्या पेशींतही वीज पलीकडे जाते. विजेपाठोपाठ त्यांनी चमकणारा रंग सोडला, तोही गेला. मग यकृत, मग यकृताच्या गाठी. (नसांतल्या विजेचे गणित मांडून १९६३ मध्ये नोबेल मिळवणारे अॅलन हॉजकिन हे राउस यांचे जावई. सासऱ्यांचा विषाणू आणि जावयांची वीज एका टेबलावर यायला मात्र आणखी अठरा वर्षे लागायची होती.)

जे जाते ते कशातून जाते, याचे चित्र १९६७ मध्ये हार्वर्डच्या जाँ-पॉल रेव्हेल आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी दिले. लँथॅनम या जड धातूचे द्रावण पेशींच्या फटींत मुरवून त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. दोन पेशींची आवरणे जिथे जवळजवळ भिडतात तिथे जेमतेम दोन नॅनोमीटरची फट उरते, आणि त्या फटीत षट्कोनी मांडणीत खांब उभे आहेत. हेच गॅप जंक्शन. खांब पोकळ असतात. प्रत्येक पेशी आपल्या बाजूने सहा प्रथिनांची अर्धी नळी लावते, समोरची अर्धी नळी येऊन तिला मिळते आणि सलग बोगदा तयार होतो. साधारण हजार डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून जातात: क्षार, शर्करा, जनुकांचे सुटे घटक, छोटे संदेशरेणू. प्रथिने अडतात. या नळीच्या प्रथिनांना कनेक्झिन म्हणतात, आणि माणसात त्यांची जवळपास एकवीस जनुके आहेत.

लोवेनस्टाइन यांचा सिद्धान्त आता सरळ होता. वाढ थांबवण्याचे संदेश या बोगद्यांतून जातात, बोगदा बंद झाला की पेशीला थांबायचे कळत नाही, तोच कर्करोग. ऐकायला मोहक. पण लगोलग अडचणी आल्या. फर्शपान आणि पॉटर यांनाच बिघडलेल्या पेशींमध्येही वीज वाहताना दिसली. ग्लासगोच्या पेशी तर उघडच देवघेव करत होत्या. काही गाठी बोलत, काही बोलत नसत. १९७१ मध्ये मियामीला गेल्यावरही लोवेनस्टाइन यांनी हट्ट सोडला नाही, पण बहुतेक तरुण संशोधकांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेले होते.

त्यांचे लक्ष गेले होते जनुकाकडे, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. १९७० मध्ये बर्कलीत स्टीव्ह मार्टिन यांनी राउस विषाणूचा तापमानावर चालणारा वाण शोधला: कमी तापमानात पेशी बिघडे, तापमान वाढवले की सुधारे. म्हणजे बिघाड घडवणारे एक विशिष्ट जनुक होते. त्याला ‘सार्क’ म्हणू लागले. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हे जनुक विषाणूचे मुळी नाहीच. निरोगी पक्ष्यांच्या पेशींतून उचललेले आहे. राउस यांनी नोबेलच्या व्याख्यानातही कर्करोग जनुकातल्या बदलामुळे होतो या मताची टर उडवली होती. त्यांच्याच कोंबडीने ते मत खरे ठरवले. हे पाहायला ते नव्हते, १९७० मध्येच वारले.

सार्क प्रथिन करते काय? ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवते, हे १९७८ मध्ये कळले. कुठे चिकटवते, हे कळले आळसामुळे. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर १९७९ मध्ये पॉलिओमाच्या एका प्रथिनाशी निगडित फॉस्फेट तपासत होते. नमुने विलग करायचे बफर द्रावण ताजे करण्याऐवजी त्यांनी जुनेच पुन्हा वापरले. वापरून वापरून त्याचा सामू १.९ वरून १.७ पर्यंत उतरला होता, आणि त्या शिळ्या द्रावणात एरवी एकमेकांवर पडणारे दोन डाग वेगळे झाले. नवा डाग टायरोसिन या अमिनो आम्लाला चिकटलेल्या फॉस्फेटचा होता. तोवर टायरोसिनला कोणी विचारतही नव्हते. हंटर यांनी लगेच राउस विषाणूचे प्रथिन तपासले. तेही टायरोसिनवालेच निघाले. आजची अनेक कर्करोगाची औषधे या शिळ्या बफरची नातवंडे आहेत.

मग १९८१ मध्ये दोन्ही धागे एकत्र आले. मिनेसोटा विद्यापीठात रॉस जॉन्सन, जडसन शेरिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमानावर चालणारा राउस विषाणू उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घातला आणि रंग टोचून पाहिला. तापमान उतरवले, सार्क जागे झाले, आणि तास उलटायच्या आत रंगाचे पलीकडे जाणे घटले. तापमान पुन्हा चढवले, वाट मोकळी झाली. पेशी ढीग करू लागण्याच्या, आकार पालटण्याच्या कितीतरी आधी हे घडत होते. अबोला हा कर्करोगाचा उशिरा येणारा परिणाम असेल, ही शंका इथे बरीचशी मिटली. विषाणूच्या पहिल्या उद्योगांतच तो होता. मियामीत अझार्निया आणि लोवेनस्टाइन यांनी त्याला पुस्ती जोडली. पॉलिओमाचे मधल्या आकाराचे प्रथिन पेशीतल्या सार्कला हाताशी धरून तीच वाट अडवते, आणि विषाणू नसतानाही पेशीचे स्वतःचे सार्क अंगात आले तर देवघेव घटते, हे त्यांनी १९८७ आणि १९८८ मध्ये मांडले.

आता नळीचे प्रथिन हाती लागणे बाकी होते. हृदयात आणि इतरत्र आढळणारे कनेक्झिन-४३ हे १९८७ मध्ये बोस्टनच्या एरिक बेयर, डेव्हिड पॉल आणि डॅनियल गुडइनफ यांनी उलगडले. आकडा त्याच्या वजनाचा. १९९० मध्ये एकापाठोपाठ एक निबंध आले. हवाईत अॅलन लाउ यांच्या गटाला राउस विषाणूने पालटलेल्या पेशींतील कनेक्झिन-४३ च्या टायरोसिनवर फॉस्फेट सापडले. बोस्टनमध्ये बेडकाच्या अंड्यांच्या जोड्या जुळवून प्रयोग झाला: दोन्ही अंड्यांत कनेक्झिन-४३ घातले तर वीज वाहते, सोबत विषाणूचे सार्क घातले तर थांबते. मग कनेक्झिनचे २६५ क्रमांकाचे टायरोसिन बदलून टाकले. सार्क तसेच, पण आता वाट बंद होईना. एका विषाणूची करामत एका प्रथिनाच्या एका घटकापर्यंत माग काढत नेल्याचे असे उदाहरण शोधून सापडायचे नाही. (पुढे २४७ क्रमांकाचे टायरोसिनही त्यात गुंतलेले निघाले, आणि इतर आडवाटाही.) सार्कला प्रत्येक कनेक्झिनची वाट बंद करता येत नाही, हेही त्याच अंड्यांत दिसले: यकृतातले कनेक्झिन-३२ त्याला दाद देत नव्हते. काही गाठी का बोलतात आणि काही का नाही, या जुन्या भांडणाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे.

विषाणूशिवायही हा अबोला घडवता येतो. उंदराच्या कातडीवर जमालगोट्याचे तेल चोळले तर आधी रसायनाने बिघडलेल्या पेशींच्या गाठी होतात, हे १९४० च्या दशकापासून माहीत होते. त्या तेलातला टीपीए हा पदार्थ शेजारी पेशींची देवघेव बंद पाडतो, हे १९७९ मध्ये मिशिगनमध्ये जेम्स ट्रॉस्को यांनी आणि ऑस्ट्रेलियात अँड्र्यू मरे यांनी स्वतंत्रपणे दाखवले. ट्रॉस्को यांची कसोटी ग्लासगोच्याच धर्तीची होती. गंमत म्हणजे एक वर्ष आधी हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी याच टीपीएने पेशीत झोपलेला एपस्टाइन-बार विषाणू जागा केला होता.

त्सुर हाउसेन यांचे नाव निघाले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे वळावे लागते. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने एचपीव्ही १६ आणि १८ हे विषाणू त्या गाठींत शोधले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १,३१,७४६ बायकांवर चाललेली पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. चाचणी आणि लस विषाणूला गाठतात. तो पेशीत बसून शेजाऱ्यांशी कसा वागतो हे त्यांना माहीत असण्याची गरज नाही. पण तो वागतो मात्र खास. हायडेलबर्गमध्ये १९९५ मध्ये दिसले की एचपीव्ही १६ चे ई-५ हे चिमुकले प्रथिन त्वचेच्या पेशींमधली देवघेव अडवते. ई-६ तर वेगळेच काम करते. पेशीची वरची बाजू कोणती, खालची कोणती, शेजारणीला कुठे टेकायचे, हे सांभाळणाऱ्या प्रथिनांना ते मोडीत काढायला लावते. ही प्रथिने मूळची फळमाशीत सापडलेली. ती नसलेल्या माशीच्या अळीत पेशींचे थर विस्कटून गाठी होतात. १९९७ मध्ये ह्यूस्टनच्या रॉन जेव्हियर यांच्या गटाने दाखवले की यातल्याच एका प्रथिनाला एचपीव्हीचे ई-६, एका अॅडिनोविषाणूचे प्रथिन आणि रक्ताच्या कर्करोगाशी निगडित एचटीएलव्ही-१ चे टॅक्स, असे तीन परस्परांशी नाते नसलेले विषाणू धरतात. तीन चोर एकाच दाराशी सापडावेत, तेव्हा ते दार महत्त्वाचे असणारच.

इथे हेला पेशींची आठवण निघते. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या या पेशी जगभर वाढत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे. आणि या पेशी एकमेकींशी जवळजवळ बोलतच नाहीत. त्यामुळेच कनेक्झिनचा अभ्यास करणाऱ्यांना त्या सोयीच्या वाटतात: कोऱ्या पाटीवर एकेक कनेक्झिन घालायचे आणि काय जाते ते पाहायचे. १९९५ मध्ये बॉनमधल्या क्लाउस विलेके यांच्या गटाने तसेच केले. हेलाचा अबोला थेट विषाणूमुळे आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. गाठी पक्क्या होताना एचपीव्हीचे ई-५ बहुधा गळून पडते.

विषाणूला यातून मिळते काय? पूर्वी याचे उत्तर एवढेच असे, की शेजाऱ्यांचा लगाम सुटतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या आंद्रेआ अब्लासर आणि फाइट हॉर्नुंग यांनी दुसरी बाजू दाखवली. पेशीत परके डीएनए शिरले की सीजीएएमपी नावाचा छोटा रेणू बनतो आणि विषाणूविरोधी तयारी सुरू होते. हा रेणू गॅप जंक्शनमधून शेजारच्या पेशीत जातो आणि विषाणू तिथे पोहोचायच्या आत ती सावध होते. डीएनएवाल्या विषाणूला ही वाट बंद असणे फायद्याचेच. २०१५ मध्ये सिअॅटलमध्ये आढळले की एचपीव्हीचे ई-७ हे प्रथिन या धोक्याच्या यंत्रणेलाच पकडून ठेवते.

सगळेच विषाणू मात्र गप्प बसवत नाहीत. एचटीएलव्ही-१ ची लागण झालेली पांढरी पेशी शेजारणीला भिडते तेव्हा भिडलेल्या जागेकडे आपला सांगाडा वळवते आणि विषाणूचे साहित्य थेट पलीकडे ढकलते. लंडनमधील चार्ल्स बँगम यांच्या गटाने २००३ मध्ये हे टिपले. एपस्टाइन-बार विषाणूने ग्रासलेल्या पेशी आपले एलएमपी-१ प्रथिन सूक्ष्म पुड्यांत बांधून बाहेर सोडतात, आणि ज्या पेशींत विषाणू नाही त्यांनाही त्या पुड्यांतून वाढीचे आदेश मिळतात. तोंड बंद करणारे विषाणू आणि खोटे निरोप धाडणारे विषाणू, दोन्ही जातींचे नमुने आता हाती आहेत.

स्टोकर यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर १९८६ मध्ये परमेंदर मेहता, जॉन बर्ट्राम आणि लोवेनस्टाइन यांनी दिले होते: बिघडलेल्या पेशींवर निरोगी शेजाऱ्यांचा लगाम किती, हे त्यांच्यातल्या वाटा किती उघड्या यावर अवलंबून असते. साहजिकच वाटा उघडून उपचार करण्याची कल्पना निघाली. नागीण वर्गातल्या विषाणूचे एक जनुक गाठीत घालायचे आणि गँसिक्लोव्हिर द्यायचे. जनुक मिळालेली पेशी त्याचे विष बनवते आणि विष वाटांमधून शेजारच्या पेशींनाही मारते. लियाँ येथे मार्क मेस्निल आणि हिरोशी यामासाकी यांनी १९९६ मध्ये हेला पेशींत कनेक्झिन घालून दाखवले की शेजारणींचे मरण या वाटांवरच ठरते. मेंदूच्या गाठींच्या मोठ्या चाचणीत मात्र २००० साली या उपचाराने आयुष्य वाढले नाही.

आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या जोन मासागे यांच्या गटाचा निबंध आला. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी मेंदूत पोहोचल्यावर तिथल्या तारकापेशींशी कनेक्झिन-४३ चेच बोगदे जोडतात, त्यांतून सीजीएएमपी पलीकडे पाठवतात आणि बदल्यात तारकापेशींकडून जगण्याचे, औषधांना तोंड देण्याचे बळ मिळवतात. उंदरांना मेक्लोफेनामेट हे जुने वेदनाशामक देऊन या वाटा बंद केल्या तेव्हा मेंदूतल्या गाठींची वाढ आटोक्यात आली. मियामीत ज्या वाटा उघड्या राहाव्यात म्हणून इतकी वर्षे धडपड झाली, त्या इथे बुजवाव्या लागल्या.